आत फक्त रुग्ण

बायको ल्युबिंका गेल्याचा फोन आला त्या सकाळी तिहोमिर अंगणात मिरच्या भाजत होता. ऑक्टोबर संपत आला होता आणि गल्लीतल्या सगळ्या घरांचं आयवार, भाजलेल्या लाल मिरच्यांचं हिवाळ्यासाठीचं तोंडीलावणं, करून बाटल्यांत भरून झालं होतं. फक्त यांचंच राहिलं होतं. इस्पितळातून ल्युबिंकानेच फोनवर हुकूम सोडला होता, "त्या मिरच्या कुजवू नकोस. साल काळी होईपर्यंत भाज, पण कोळसा करू नकोस. सोलायला मी येतेच आहे."

फोन वाजला तेव्हा त्याचे हात काजळीने भरले होते. त्याने दोन बोटांनी तो उचलला.

"मी सिस्टर नेवेंका, मूत्ररोग विभागातून. तुम्ही बसलेले आहात ना?"

"उभा आहे. बोला."

"ल्युबिंकाताई पहाटे गेल्या. आमच्या सगळ्या टीमने होतं ते सगळं केलं."

तिहोमिर रडला नाही. त्याने विचारलं, "तिच्यापाशी कोण होतं?"

"मी होते."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर येऊन गेले होते."

"कोणते? तुमच्याकडे टेबलाभोवती सहा जण बसतात. त्यातले कोणते?"

सिस्टरने नाव सांगितलं नाही. म्हणाली, "तुम्ही या, आपण बोलू." ते टाळणं तिहोमिरच्या मनात रुतून बसलं. चुलीवरच्या मिरच्या जळायला लागल्या तेव्हा वासाने शेजारीण कुंपणापाशी आली, त्याचं तोंड बघून आत आली आणि काही न विचारता तिने मिरच्या खाली उतरवल्या. दुपारी तिनेच त्या सोलल्या, पिशव्यांत भरल्या आणि फ्रीझरमध्ये टाकल्या. आयवार शिजवायला त्या दिवशी कोणाला वेळ होता?

तिहोमिर मुळातच संशयी. दूध आणलं की आधी हुंगणार, बसच्या कंडक्टरने दिलेली मोड उलटीपालटी करून बघणार. लग्नाच्या वेळी पाद्रीबाबांनासुद्धा त्याने विचारलं होतं, नावं बरोबर वाचलीत ना? ल्युबिंका त्याला घरात 'इन्स्पेक्टर' म्हणायची. "इन्स्पेक्टर, तपास झाला असेल तर जेवायला बस." पण हे फक्त दोघंच असताना. चारचौघांत तिने ते कधी उच्चारलं नाही, पोरीसमोरसुद्धा नाही. नवऱ्याला लोक हसतील असं काही ती उंबऱ्याबाहेर नेत नसे.

तिचं दुखणं वसंतात सुरू झालं. लघवीतून रक्त गेलं, तपासण्या झाल्या, मूत्राशयात गाठ निघाली. तेव्हा तिहोमिरने जे सगळे करतात तेच केलं. इस्पितळातल्या डॉक्टर तासिच बाईंना फोन करून विनवलं, "तिला नाव सांगू नका. सूज आहे म्हणा." आजाऱ्याला त्याच्या आजाराचं नाव सांगायचं नाही, ही तिथली रीतच. घरी येऊन तो ल्युबिंकाला म्हणाला, "सूज आहे." ती म्हणाली, "सूज तर सूज," आणि कणीक मळत राहिली.

मग बैठकीचा दिवस आला. मोठ्या इस्पितळात असल्या आजारांचं एका डॉक्टरच्या मर्जीवर चालत नाही. कापणारा, औषध देणारा, किरण देणारा, फोटो वाचणारा असे सगळे एका टेबलाभोवती बसतात, रुग्णाला समोर बोलावतात आणि काय करायचं ते मिळून ठरवतात. तिहोमिरला हे पहिल्यापासूनच पटलं नव्हतं. एक माणूस चुकला तर त्याची गचांडी धरता येते. सहा जण मिळून चुकले तर कोणाची धरणार? तरी त्याने रीतीप्रमाणे पिशवी भरून दिली. दळलेली कॉफी, चॉकलेटचा डबा आणि घरच्या आलुबुखारांची दारू. "बसायच्या आधी टेबलावर ठेव," त्याने तिला बजावलं.

दारापाशी ती म्हणाली, "तू इथंच बस. आत फक्त रुग्णालाच घेतात."

ती बाहेर आली तेव्हा पिशवी हातातच होती.

"काय म्हणाले?"

"सूज पसरलीय म्हणे. चाकू लावता येत नाही. आधी औषध, मग किरण देतील."

"आणि पिशवी?"

"घेतली नाही."

"घेतली नाही, की तू दिली नाहीस?"

"चल, बस चुकेल," ती म्हणाली.

इथंच कुठंतरी पाणी मुरतंय, असं त्याला तेव्हाच वाटलं होतं. पण मग औषधं सुरू झाली, किरण सुरू झाले आणि विचारायचं राहून गेलं.

चाळिसाव्या दिवशी थडग्यावर सगळे जमले. मेणबत्त्या लावल्या, मातीवर वाईन ओतली, उकडलेल्या गव्हाचा घास प्रत्येकाने तोंडात घातला. मग थडग्याशेजारच्या बाकावर पाव आणि थंड कोंबडी मांडली. राडिसाव शेजारी बसला होता. लग्नात साक्षीला उभा राहिलेला तिहोमिरचा कूम, सख्ख्या भावाहून जवळचा; दोघं एकमेकांना कूमच म्हणायचे. तोंडात घास असतानाच तो म्हणाला,

"ग्राडिमिर आठवतो का रे? आपल्या गिरणीत रंगाच्या कढईवर होता तो?"

"त्याचं काय?"

"त्यालाही हेच झालं होतं. त्याचं कापून काढलं. परवा बाजारात लसूण विकत होता. गाल बघितलेस तर नवरदेवासारखे."

"कुठं कापलं?"

"तिथंच. त्याच लोकांनी."

तिहोमिरच्या मनात पाल चुकचुकली. हातातला पाव त्याने खाली ठेवला. "त्याने काय दिलं असेल?"

"कूम, थडग्यापाशी असलं बोलू नये."

"थडग्यापाशीच बोलावं. तिलाही ऐकू दे."

त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. ल्युबिंका आणि ग्राडिमिर, दोघं एकाच कापडगिरणीतले, एकाच रंगखात्यातले, आजार एकच, डॉक्टर तेच. ग्राडिमिरला चाकू आणि ल्युबिंकाला नाही. का? दारूची बाटली पुरली नाही म्हणून? की तिने पिशवी टेबलावर ठेवलीच नाही म्हणून? अंथरुणात पडल्या पडल्या तो त्या सहा जणांना एकेक करून उभं करायचा आणि उलटतपासणी घ्यायचा. एकही सरळ उत्तर देत नसे.

जानेवारीत बर्फ पडला. लाकडं फोडताना तो छपरीमागे लघवीला गेला आणि पांढऱ्या बर्फावर लाल डाग पडला. आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं. त्याने बुटाने बर्फ सरकवून डाग झाकला. पुढे बीट खाल्लं नाही, तरी डाग पडलाच. तोही त्याने झाकला.

त्याची पोर बिलियाना नवऱ्यासोबत दुसऱ्या गावात राहायची. आई गेल्यापासून ती दर आठवड्याला येऊन घर आवरायची. धुवायचे कपडे हातात घेऊन ती अंगणात आली.

"बाबा, हे काय?"

"बीट."

"चड्डीवर?"

"सांडलं."

"बीट खाताना चड्डीवर बसलास वाटतं? ऊठ. कोट घाल."

तिने त्याला ओढतच इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं, तुकडा काढून तपासला. आजाराचं नाव तेच निघालं. त्याला बैठकीची वेळ मिळाली. तीच खोली, तेच टेबल.

"मी जाणार नाही," तिहोमिर म्हणाला. "एकीला आत घेतलं आणि घालवलं. आता माझी वाट बघतायत."

"नाही गेलास तर मरशील, बाबा."

"मरेन. पण कळल्याशिवाय मरणार नाही."

"काय कळल्याशिवाय?"

"तुझ्या आईला का नाही कापलं ते."

बिलियानाने हातातले कपडे बादलीत टाकले आणि रडू लपवायला पाठ फिरवली. "आई गेली ती गेली. तू तुझं बघ ना."

"हे माझंच आहे," तो म्हणाला. "ज्यांनी तिला सोडून दिलं त्यांच्या हाती मी माझं पोट देऊ?"

बाजाराच्या दिवशी तो ग्राडिमिरला गाठायला गेला. ग्राडिमिर लसणाच्या माळांमागे स्टुलावर बसून बायकोशी भांडत होता. त्याने तिहोमिरला लगेच ओळखलं.

"ये ये! तू अजून निळाच आहेस का रे? मी तर नोकरी सुटल्यावरही कितीतरी दिवस हिरवा घाम गाळत होतो."

तिहोमिर हसला नाही. "तू काय दिलंस त्यांना?"

"कोणाला?"

"माहितेय तुला. कापायला काय दिलंस?"

ग्राडिमिरने बायकोकडे बघितलं. "हा मला विचारतोय, काय दिलंस! मूत्राशय दिलं की! अजून काय देऊ?" मग त्याने कोटाचं टोक वर केलं. शर्टाखाली पोटाच्या उजव्या अंगाला लघवीच्या पिशवीचा फुगवटा दिसत होता. "ही बघ. आता सिनेमा बघताना मध्येच उठावं लागत नाही."

"थट्टा नको. कॉफी नेली होतीस?"

"नेली होती. सगळेच नेतात. तो पेशिच, कापणारा, त्याने ती सिस्टरकडे सरकवली आणि म्हणाला, बाहेरच्यांसाठी करून आणा. मीच आणलेली कॉफी मीच प्यालो. पातळ केली होती."

"असं सगळेच म्हणतात."

"मग कशाला विचारतोस?" ग्राडिमिर चिडला. "अरे, मी तर नको म्हणत होतो! पोटावर पिशवी लावून मी जगणार नाही, म्हटलं. पण ही बया त्या सगळ्यांसमोर अशी ओरडली माझ्यावर, की तो फोटो वाचणारा घाबरून उभा राहिला."

"ही?" तिहोमिर ग्राडिमिरच्या बायकोकडे वळला. "तू आत होतीस?"

"नसेन कशी?" ती म्हणाली. "त्यांनीच बोलावलं. म्हणाले, घरी यांच्याबरोबर राहणार कोण आहे? त्यांनाही आत येऊ दे. सगळ्यांनाच बोलावतात."

तिहोमिर तिथंच उभा राहिला. एका गिऱ्हाइकाने त्याला बाजूला सरकायला सांगितलं, तरी तो हलला नाही. सगळ्यांनाच बोलावतात. मग मला का नाही बोलावलं? माझ्यापासून लपवण्यासारखं काय होतं त्या खोलीत?

घरी जाऊन त्याने कपाट उघडलं. वसंतातली ती पिशवी तशीच ठेवलेली होती. ती काढून त्याने दारापाशी ठेवली आणि बिलियानाला फोन केला. "येतो मी बैठकीला. पण तू माझ्याबरोबर आत यायचंस. आत फक्त रुग्णालाच घेतात असं कोणी म्हणालं, तर मी तिथूनच परत फिरेन."

तसं कोणी म्हणालं नाही. सिस्टर नेवेंकानेच दोघांसाठी खुर्च्या ओढल्या. टेबलाभोवती सहा जण होते. मध्ये पेशिच, ठेंगणा, जाड बोटांचा. त्याच्या शेजारी पिकल्या केसांच्या डॉक्टर तासिच. तिहोमिरने पिशवी पेशिचच्या पुढ्यात ठेवली आणि तो त्याच्या हातांवर नजर ठेवून उभा राहिला. पेशिचने आत न बघताच ती सिस्टरकडे सरकवली. "नेवेंका, बाहेर बरीच माणसं ताटकळलीयत. कॉफी करा सगळ्यांना. बाटली मात्र यांना परत द्या."

म्हणजे ग्राडिमिर तेवढं तरी खरं बोलला होता.

"बसा," पेशिच म्हणाला. "काम कुठं करत होता?"

"गिरणीत. रंगखात्यात."

डॉक्टरांनी एकमेकांकडे बघितलं.

"काय खाणाखुणा करताय?"

"खाणाखुणा नाहीत. रंगखात्यातले बरेच लोक आमच्याकडे येतात. त्या रंगांनी हे होतं."

"माझी बायकोही तिथंच होती. गेल्या वसंतात तुम्ही तिला याच खोलीत घेतलं होतंत. ल्युबिंका नाव." तो अजून उभाच होता. "माझं राहू द्या. आधी सांगा, ग्राडिमिरला कापलंत आणि तिला का नाही? मला बाहेर का ठेवलंत? हे कळल्याशिवाय मी बसणार नाही आणि तुम्हाला हातही लावू देणार नाही."

"बाबा," बिलियाना म्हणाली.

"तू गप बस."

पेशिचने डॉक्टर तासिच बाईंकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला. "त्यांनी आमच्याकडून शब्द घेतला होता," त्या म्हणाल्या, "मी आहे तोवर नवऱ्याला सांगायचं नाही, असा. आता त्या नाहीत. आम्ही त्यांना ऑपरेशनच सुचवलं होतं. त्याच दिवशी, इथंच. त्यांनी नको म्हटलं."

"खोटं."

"पुन्हा बोलावून सांगितलं. पिशवी लावलेल्या एका बाईंची भेट घालून दिली. तरी नकोच म्हणाल्या. मग उरलं ते दिलं. औषधं आणि किरण. त्यानेही कधी कधी जमून जातं. त्यांचं नाही जमलं."

"मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं," तिहोमिर म्हणाला. त्याचा आवाज चढला. "तुम्ही सहा जण, मी एकटा. सगळ्यांनी मिळून एकच सांगितलं की ते खरं? तिला तर आजाराचं नावसुद्धा माहीत नव्हतं. मीच तुम्हाला सांगितलं होतं, सांगू नका म्हणून."

"तुमचा फोन यायच्या आधीच त्यांनी मला विचारलं होतं," डॉक्टर तासिच म्हणाल्या. "मी रुग्णाशी खोटं बोलत नाही. तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, त्याला वाटू दे मला माहीत नाही."

तिहोमिर दाराकडे वळला. बिलियाना उठली. तेवढ्यात कॉफी करायला निघालेली सिस्टर नेवेंका पिशवी हातात धरून मध्येच थांबली.

"हीच पिशवी होती ना?" ती म्हणाली. "निळ्या पट्ट्यांची. मी त्यांना म्हटलं, ताई, ही राहिली तुमच्या हातात. तर हसल्या. म्हणाल्या, परत नेते. आमच्या इन्स्पेक्टरला कळलं की तुम्ही कॉफी प्यालात आणि कापलं मात्र नाही, तर तो तुमच्या दारातून हलायचा नाही."

बिलियाना बापाकडे बघत होती. तो शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता.

तिहोमिर परत आला आणि खुर्चीवर बसला. त्याने विचारलं, "का नको म्हणाली?"

"आम्ही विचारलं, नवऱ्याला आत बोलावू का," डॉक्टर तासिच म्हणाल्या. "तर म्हणाल्या, बोलावू नका. तो हो म्हणेल. मी सासूचं अंथरुणावर सगळं केलंय. दुसऱ्याच्या हाताने धुतलं जाणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तोही करेल. कुरकुर न करता करेल. म्हणूनच नको."

"पण कोणाला धुवावं लागतंच नाही," पेशिच रागाने म्हणाला. हा राग त्याने बहुधा वसंतापासून धरून ठेवला असावा. "ज्याची पिशवी तोच बदलतो. दात घासण्यासारखं. हे त्यांना सांगून सांगून थकलो आम्ही. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची सासूच होती."

"मला सांगितलं असतंत, तर मी तिच्यावर ओरडलो असतो," तिहोमिर म्हणाला. "ग्राडिमिरची बायको ओरडली तसा."

"म्हणूनच तुम्हाला बाहेर बसवून आल्या होत्या," डॉक्टर तासिच म्हणाल्या.

मग त्यांनी त्याचं सांगायला सुरुवात केली. गाठ मूत्राशयाच्या भिंतीत शिरली होती, पण अजून बाहेर पडली नव्हती. फोटो वाचणाऱ्या तरुण डॉक्टरने पडद्यावर ती दाखवली. आधी औषधं, मग ऑपरेशन. किरणांचाही रस्ता होता. तो का कमी पटतो, ते किरणवाल्या डॉक्टरनेच सांगितलं. तिहोमिरने प्रत्येकाला उलटसुलट विचारलं. गाठ माझीच कशावरून? फोटो बदलला नसेल कशावरून? कापणारे तुम्हीच, की ऐन वेळी शिकाऊ पोराला उभं कराल? पेशिचने प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. एकदा त्या सहा जणांचं आपसांतच पटेना. औषध आधी किती द्यावं यावर डॉक्टर तासिच आणि पेशिच यांच्यात चांगलीच जुंपली. त्यांना भांडताना बघून तिहोमिरला आश्चर्य वाटलं. सहा जणांनी मिळून एक खोटं रचलं असतं, तर ते असं त्याच्यासमोर भांडले नसते.

"काय ठरवलं?" शेवटी पेशिचने विचारलं.

तिहोमिरने बिलियानाकडे बघितलं. "तू काय म्हणतेस?"

"मी ओरडू का?" ती म्हणाली. डोळे लाल होते, पण ती हसत होती.

"नको. इथं नको." तो पेशिचकडे वळला. "कापा."

निघताना सिस्टर नेवेंकाने त्याला पोटावर लावायची एक रिकामी पिशवी दिली. पाणी भरून चिकटवायची आणि घरी दोन-चार दिवस घालून हिंडायचं, म्हणजे कुठं बसते, कुठं टोचते ते आधीच कळतं. तिहोमिरने ती लावून द्राक्षवेलींची छाटणी केली, लाकडं उचलली, खाली वाकला. ती गळते आहे असं त्याला सारखं वाटायचं. थोड्या थोड्या वेळाने शर्ट वर करून तो बघायचा. गळत नव्हती. तरी पुन्हा बघायचा.

राडिसाव बघायला आला तेव्हा त्याने विचारलं, "काय रे, काय तपासतोयस?"

"काही नाही," तिहोमिर म्हणाला. ल्युबिंकाचा तो 'इन्स्पेक्टर' शब्द त्याने राडिसावला सांगितला नाही.

औषधं चालू आहेत. ऑपरेशन ईस्टरनंतर आहे. ल्युबिंकाच्या थडग्यावर अजून दगड बसलेला नाही. फ्रीझरमधल्या मिरच्या तशाच आहेत. त्यांचं आयवार करायचं राहिलं आहे.